कोर्ट बघेल

आत्याचा ऐंशीवा वाढदिवस आणि छोटीचं मतदान एकाच दिवशी आलं, त्याला कोण काय करणार? आत्याची जन्मतारीख पुढे ढकलता येत नव्हती, आणि सभागृहाची बैठक पुढे ढकलावी एवढं छोटीचं वजन अजून झालं नव्हतं. मतदान चार वाजता होतं. म्हणून जेवण बाराचं ठरलं, आणि या घरात बारा म्हणजे एक हे ओळखून आईनं सगळ्यांना अकरालाच या म्हणून सांगितलं.

छोटी आली ती तोंड पाडूनच. वय बेचाळीस, अंगावर कडक इस्त्रीचा कोट, गळ्यात सभागृहाचा बिल्ला. बाहेर लोक तिला बघून उठून उभे राहायचे, पण या दारातून आत आलं की ती छोटीच. तिनं हातातली फाईल फ्रीजवर ठेवली, बूट कोपऱ्यात सरकवले आणि सरळ स्वयंपाकघरात जाऊन आईच्या हातातलं बटाटे सोलायचं काम घेतलं.

"काय गं, कोणी काही बोललं का?" आईनं विचारलं. जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेली बाई, पोरांचे चेहरे वाचण्यात तिची हयात गेली होती.

"बोललं कुठे? गटनेत्यांनी पाठीवर थाप मारली."

"मग बरंच झालं की."

"थापेथापेत फरक असतो आई. ही 'गप्प बस' वाली होती."

प्रकरण तसं साधं होतं. घटनेत एक कलम होतं. कोणालाही त्याच्या राहत्या किंवा कामाच्या जागेवरून, त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय हलवता येणार नाही. शाळेतल्या पोरालाही कळेल असं कलम. पण तीस वर्षांपूर्वी दुकानांसाठी एक कायदा झाला होता. जागा रिकामी करून हवी असली की दारावर नोटीस चिकटवायची, ठरलेली मुदत जाऊ द्यायची, आणि तेवढ्यात कोणी आलं नाही तर त्याचं म्हणणं ऐकलं असं समजायचं. आता त्याच कायद्यात भाड्याची घरं घालायचं विधेयक आलं होतं. गिरणीमागची सगळी भाड्याची घरं छोटीच्या मतदारसंघात होती. निवडणुकीत ती त्या जिन्यांवर बसून चहा प्यायली होती, तिथल्या बायकांची पोरं तिनं मांडीवर घेतली होती. सकाळी ती गटनेत्यांकडे गेली आणि म्हणाली, "साहेब, हे घटनेत बसत नाही." त्यांनी थाप मारली आणि म्हणाले, "तुम्ही कशाला डोकं शिणवता? कोर्ट बघेल." वर असंही म्हणाले की गृहनिर्माण समितीच्या अध्यक्षांचं नाव उद्या जाहीर होतंय आणि ते नाव तिचं आहे.

ही समिती छोटीला हवी होती. नुसती हवी नव्हती, त्यासाठी तिनं दीड वर्ष चपला झिजवल्या होत्या.

"मग बस ना गप्प आजचा दिवस," आई म्हणाली. "समिती मिळाली की त्याच घरांचं चार पटीनं भलं करशील. हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला लागायचं?"

"तोवर घरं राहिली तर."

एवढ्यात बाबा आले. हे निवृत्त न्यायमूर्ती, पण निवृत्त कागदावर. घरात त्यांचं कोर्ट रोज भरायचं, आणि दूधवाल्यापासून बायकोपर्यंत कोणालाही केव्हाही हजर केलं जायचं. त्यांनी फ्रीजवरची फाईल तोवर वाचूनही टाकली होती.

"यात तुझं काम काय?" ते म्हणाले. "घटनेचा अर्थ लावणं हे न्यायालयाचं काम. सभागृहानं कायदे करावेत. ज्याचं काम त्यानं करावं."

"बाबा, मी नुसतं विचारलं त्यांना."

"विचारू नये. आज तुम्ही अर्थ लावाल, उद्या तुमच्यापेक्षा जास्त डोकी असलेला पक्ष येईल आणि तो उलटा लावेल. मोजून अर्थ ठरायला लागले तर ज्याच्या बाजूला डोकी कमी त्यानं जायचं कुठे?"

म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच छोटीला जास्त राग आला. तिनं एक बटाटा इतका सोलला की लिंबाएवढा उरला.

आत्या आणि काका एकाच गाडीतून आले, म्हणजे काकांच्या गाडीतून. दारातूनच आत्याचा आवाज घरभर झाला. चार वेळा निवडून आलेली बाई; सभागृहात माईक बंद पडला तर लोक म्हणायचे, बाईंना काय फरक पडतोय. मागून काका, एका हातात केकचा खोका आणि दुसऱ्या हातात हत्यारांची पिशवी. काका घड्याळजी. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरचं घड्याळ बघायचे आणि मग माणसांकडे.

"वहिनी, तुमचं घड्याळ मागे पडतंय," काका म्हणाले.

"घड्याळच बरोबर आहे भाऊजी. हे घरच मागे पडलंय," आई म्हणाली.

आजोबांची, म्हणजे अण्णांची, ही तीन मुलं, तिघांच्या तीन तऱ्हा. मोठी कायदे करायला गेली, मधला त्यांचे अर्थ लावायला, आणि धाकटा आजोबांच्या खुर्चीत बसून घड्याळं दुरुस्त करत राहिला. आजोबांचं स्टेशनरस्त्यावरचं दुकान त्याच्याकडे आलं आणि त्याच्याच हातून गेलं. ते कसं गेलं, ती शटरची गोष्ट काका दर वाढदिवसाला सांगायचे आणि दर वाढदिवसाला सगळे हसायचे. तिच्याशिवाय या घरात केक कापल्यासारखं कोणाला वाटतच नसे.

जेवायला बसले तेव्हा बाबा आणि आई एका बाजूला होते, आणि ते काही खुर्च्यांपुरतं नव्हतं. छोटीनं फाईल मांडीवर घेतली होती. आत्यानं फाईलची गोष्ट दोन घासांत काढून घेतली आणि सूप बाजूला सारलं.

"मग उभी राहा की," आत्या म्हणाली.

"ताई, तिला चढवू नकोस," बाबा म्हणाले.

"चढवते कुठे? उभी राहा म्हणते. अरे, शपथ घेताना आम्ही काय म्हणतो? घटनेचं रक्षण करीन. न वाचता रक्षण करायचं? वाचायची परवानगी काय फक्त काळ्या झग्यांना आहे?"

"वाचा ना. वाचायला कोण नाही म्हणतंय? अर्थ आम्ही लावू."

"वाचलं की अर्थ लागतोच रे न्यायमूर्ती. तुझ्या शाळेत काय अर्थ न लावता वाचायला शिकवलं होतं? शेवटचा शब्द तुझा, मान्य. निदान पहिला तरी आमचा असू दे."

आई म्हणाली, "ताई, तुमचं ठीक आहे. तुम्हाला आता कोणती समिती मिळवायचीय? पोरीच्या तोंडचा घास जाईल."

"आणि माझ्याकडे बघू नका," काका म्हणाले. "मी यात नाही. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, पोरीनं जेवून घ्यावं."

दोन विरुद्ध एक, आणि काका बाहेर. छोटी ताटातल्या मटारांकडे बघत बसली. तिला मनापासून वाटत होतं की कोणीतरी ठणकावून सांगावं, बस खाली, आणि मग तिनं बसावं. दोष त्याचा आणि समिती तिची. असं वाटतंय म्हणून तिला स्वतःची लाजही वाटत होती.

बोलणं चिघळायला लागलं तशी आईनं नेहमीची युक्ती काढली. "भाऊजी, ती शटरची गोष्ट सांगा ना."

काकांना आग्रह लागत नसे. "तर काय झालं," त्यांनी हात पुसले. "दुकानाला पुढून शटर आणि मागच्या गल्लीत दार. मी आपला मागच्या दारानं आत यायचो, आतून शटर वर ढकलायचो. रात्री आतूनच खाली ओढायचो आणि मागच्या दारानं घरी. कितीतरी वर्षं तसंच. आणि त्या शहाण्यांनी नोटीस चिकटवली शटरवर, बाहेरून, मी गेल्यावर."

आई आधीच हसायला लागली होती.

"सकाळी मी शटर वर ढकललं की नोटीसही वर. गुंडाळून छपराशी जाऊन बसायची. रात्री शटर खाली आलं की नोटीसही खाली, आणि मी मागच्या दारानं घरी. मुदत संपेपर्यंत ती बिचारी रोज वरखाली करत होती. रस्त्यावरचे भटके कुत्रेसुद्धा वाचून गेले असतील. एक मीच राहिलो. मजूर आले तेव्हा मी चहा करत होतो. म्हटलं, आलात बरं झालं, घड्याळ कुठलं दुरुस्तीला? आणि त्यांनाही चहा दिला."

सगळे हसले. बाबासुद्धा हसले, डोळे पुसत. छोटीही हसली, सवयीनं, आणि मध्येच थांबली. एवढ्या वर्षांत ही गोष्ट ऐकताना तिच्या मांडीवर फाईल नव्हती. आज होती.

"काका, ती नोटीस कोणत्या कायद्याखाली होती?"

"मला काय माहीत? वर आकडे होते बरेच."

"हाच कायदा ना?" तिनं फाईल उघडून टेबलावर ठेवली. "दुकानांचा. तीस वर्षांपूर्वीचा. ज्यात आता घरं घालताहेत, तोच."

काकांनी चष्मा लावून बघितलं. "हाच असेल बुवा."

"आणि बाबा, यावर निकाल तुमचाच होता ना?"

"माझाच," बाबा म्हणाले, जरा ताठ बसून. त्या निकालाचा त्यांना अभिमान होता. "पण याच्या दुकानाचा नव्हे हं. तो खटला दुसऱ्याच गावच्या एका चांभाराचा. याच्या दुकानाचं झालं त्यानंतर वर्षभरानं. याचा असता तर मी बसलोच नसतो त्या खटल्याला."

"ते ठाऊक आहे. निकाल काय होता?"

बाबांना आपले निकाल तोंडपाठ. "नोटीस चिकटवणं म्हणजे म्हणणं ऐकणं होतं का, याबद्दल न्यायालयास शंका वाटते. परंतु कायदा संमत करताना सभागृहानं घटनेच्या या कलमाचा साकल्यानं विचार केला असणारच, असं न्यायालय गृहीत धरतं. सबब कायदा वैध." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "सभागृहाचा मान राखला आम्ही."

आत्या त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं चमचा खाली ठेवला.

"काय केलं होतं म्हणालास आम्ही?"

"साकल्यानं विचार."

"साकल्यानं? अरे, त्या दिवशी अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. सगळ्यांच्या बॅगा बाकाखाली भरून तयार. मला ते नोटिशीचं खटकलं होतं. मी उठायला म्हणून हात टेकला होता बाकावर. शेजारी आमचे पुढारी बसले होते. ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले..." आत्या थांबली.

"काय म्हणाले?" छोटीनं विचारलं, पण तिला ते कळलं होतं.

"म्हणाले, बसा बाई. कोर्ट बघेल. आणि मी बसले."

आईनं एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा नणंदेकडे.

"म्हणजे आमच्या घरातल्या कडीसारखं झालं हे," ती म्हणाली. "मला वाटतं यांनी लावली, यांना वाटतं मी लावली. आणि सकाळी उठून बघावं तर दार सताड उघडं."

"आणि त्या दारातून माझं दुकान गेलं," काका म्हणाले. त्यांनी ते हसतच म्हटलं. या वेळी त्यांच्याबरोबर कोणी हसलं नाही, म्हणून त्यांनी केकचा खोका उघडला आणि मेणबत्त्या शोधायला लागले.

बाबांचा चेहरा छोटीला बघवेना. सत्तरी ओलांडलेला माणूस, निकाल पाठ म्हणून दाखवायचा आणि त्याच निकालात आपला भाऊ सापडायचा. आत्याचंही तसंच. दोघं बहीणभाऊ एकमेकांकडे न बघता एकाच मिठाच्या भांड्याकडे बघत होते. छोटीला दोघांची कीव आली, आणि त्याच वेळी तिचं ठरलं. आता तिला खाली बस म्हणणारं टेबलावर कोणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, "मी उभी राहणार आहे."

"राहा," आई म्हणाली. मघाशी घास जाईल म्हणणारी हीच बाई. "समिती काय, आज आहे उद्या नाही. घरं राहायला हवीत."

"कशी राहशील पण?" आत्या सावरून बसली. "नुसता आरडाओरडा करू नकोस. एक नियम आहे. मतदानाआधी कोणीही सदस्य मागणी करू शकतो की घटनेचं अमुक कलम सभागृहात मोठ्यानं वाचावं, आणि त्याचा अर्थ काय घेतो ते सभागृहानं आधी मत देऊन नोंदवावं. माझ्या वेळेपासून कोणी वापरलेला नाही. कोर्ट बघेल म्हणायची सवय लागली ना सगळ्यांना."

"असा नियम आहे?" बाबांनी विचारलं.

"असा नियम आहे. तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. तुम्ही आमचा मान राखण्यात गुंतला होतात."

छोटीनं पेन काढलं आणि केकच्या खोक्याच्या झाकणावरच लिहायला घेतलं. चार ओळी झाल्या असतील नसतील, बाबांनी मान वाकडी करून वाचायला सुरुवात केली.

"हे वाक्य फार लांब आहे," ते म्हणाले.

"तुम्ही बोलू नका," आई म्हणाली. "तुमचे निकाल टपालात बसायचे नाहीत."

"म्हणूनच सांगतो. एकच प्रश्न विचार. नोटीस चिकटवली म्हणजे म्हणणं ऐकलं असं होतं का? हो की नाही. लांब प्रश्न विचारलास तर त्यांना पळायला जागा मिळते. आणि वकिली भाषा नको. 'सबब' तर मुळीच नको."

"आणि सुरुवातीला दोन वाक्यं पाहिजेत जोरदार," आत्या म्हणाली.

"काही जोरदार नको. ती काय सभेला चाललीय?"

"सभेलाच चाललीय. तिचं नावच सभागृह आहे."

अर्धा तास दोघं त्या झाकणावरून भांडले. बाबांनी शब्द काढले, आत्यानं घातले, बाबांनी पुन्हा काढले. शेवटी छोटीनं झाकण ओढून घेतलं आणि स्वतःला जमेल तसं लिहिलं. मेणबत्त्या पेटवायच्या राहिल्या. आत्या म्हणाली, ऐंशी वर्षं थांबलाय तो केक, आणखी दोन तास थांबेल. आणि सगळे काकांच्या गाडीत कोंबून बसले.

सभागृहात त्या दिवशी नेहमीसारखीच पेंग होती. छोटी आपल्या जागेवर बसली आणि वर गॅलरीकडे बघितलं. पहिल्याच रांगेत चौघं. आत्या कठड्यावर हात ठेवून पुढे झुकलेली, बाबा हाताची घडी घालून, आई पर्समध्ये रुमाल शोधत, आणि काका सभागृहाच्या घड्याळाकडे नाराजीनं बघत. छोटीनं केकच्या खोक्याचं झाकण फाईलीतून बाहेर काढलं.

अध्यक्षांनी विधेयक मताला टाकतो असं म्हटलं आणि ती उठली. शेजारी बसलेल्या पक्षाच्या प्रतोदांनी तिच्या कोटाची बाही धरली. ती उभीच राहिली, त्यामुळे बाही त्यांना सोडावी लागली.

"अध्यक्ष महाराज, माझी मागणी आहे की घटनेतलं जागेबद्दलचं कलम इथं वाचावं, आणि नोटीस चिकटवली म्हणजे म्हणणं ऐकलं असं होतं का, हे आधी सभागृहानं सांगावं."

अध्यक्षांनी चष्मा काढला. "माननीय सदस्या, हा प्रश्न न्यायालयाचा आहे. ते बघतील."

झाकणावर याचं उत्तर लिहिलेलं नव्हतं. छोटीनं एकदा वर बघितलं.

"अध्यक्ष महाराज, मी न्यायमूर्तींच्या घरात वाढले. तिथे मला असं शिकवलं की हा प्रश्न सभागृहानं बघितलेलाच असतो. माझी आत्या इथे चार वेळा निवडून आली. ती म्हणते की तो न्यायालय बघतं. आमच्या घरात दोघंही आहेत, आणि आज जेवताना असं निघालं की बघितला कोणीच नाही."

आधी मागच्या बाकांवर कोणीतरी हसलं, मग दोन्ही बाजूंना हसू पसरलं. अध्यक्षही हसू दाबत सचिवांकडे वळले. सचिवांनी नियमांचं पुस्तक चाळलं, बोट ठेवलं आणि मान हलवली. नियम होता. मग ते उभे राहिले आणि त्यांनी कलम वाचलं. दोन ओळींचंच कलम, पण ते त्या सभागृहात मोठ्यानं वाचलेलं तिथल्या कोणी ऐकलेलं नव्हतं. हसू थांबलं होतं.

पहिला बोलला तो विरोधी बाजूचा, एक म्हातारा शेवटल्या रांगेतला, ज्याला सगळे झोपलेला समजायचे. "चिकटवलेला कागद काय ऐकतो?" त्यानं विचारलं आणि खाली बसला. मग एकेक उठायला लागला. कोणी म्हणालं, पोस्टाची माणसं घरोघर जातात तर नोटीसवाले का जात नाहीत. कोणी म्हणालं, असं एकेकाचं ऐकत बसलं तर एक इमारत उभी राहणार नाही या शहरात. तेही खरंच बोलणं होतं, आणि त्याला उत्तरं आली. तासभर लोक बोलत राहिले. बॅग आवरून बसलेला एकही दिसत नव्हता.

मत उभं राहून द्यायचं होतं. छोटीच्या पक्षातले निम्मे बसून राहिले. निम्मे उठले, काही गटनेत्यांकडे न बघता, काही मुद्दाम बघून. चार मतांनी ठरलं की नोटीस चिकटवणं म्हणजे म्हणणं ऐकणं नव्हे, आणि तसं नोंदलं गेलं. विधेयक समितीकडे परत गेलं. वर गॅलरीत टाळ्या वाजवायला मनाई होती, तरी कोणीतरी दोन वाजवल्याच, आणि शिपाई आत्याकडे जाऊन काहीतरी बोलला.

बाहेर पडताना प्रतोद तिच्याजवळून गेले. "छान बोललात," ते म्हणाले. "समितीचं मात्र विसरा." आणि पुढे निघून गेले. छोटीला वाईट वाटलं. कशाला खोटं बोला, खूप वाईट वाटलं. ती दोन मिनिटं खांबाआड उभी राहिली आणि मग बाहेर पायऱ्यांवर आली.

पायऱ्यांवर चौघं तिची वाट बघत होते. आत्यानं तिला जवळ घेतलं आणि तिचा कोट पाठीवर सारखा केला. आई म्हणाली, "रडलीस ना? रड. मग जेव." बाबा एका पायरीखाली उभे होते, काकांच्या शेजारी. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, आणि जन्मभर बोलण्याचा धंदा केलेल्या माणसाला ते जमत नव्हतं.

"दुकानाचं," ते शेवटी काकांना म्हणाले. "त्या वेळी तुला बोलावलं असतं. खरंच ऐकून घेतलं असतं. तर तू काय म्हणणार होतास?"

"जाऊ दे ना दादा. झालं गेलं."

"नाही. सांग. मी विचारतोय."

काकांनी सवयीनं तोंडावर हसू आणलं, गोष्ट सुरू करायची असली की आणायचे तसं. मग ते कसं कोण जाणे, मावळलं.

"दुकान द्यायला मी तयार होतो," ते म्हणाले. "रस्ता रुंद व्हायलाच हवा होता. मी चार दिवस मागणार होतो. अण्णांनी बसवलेलं मोठं घड्याळ होतं ना, भिंतीतलं. त्याचं यंत्र विटांच्या आत होतं, एकेक चाक मोकळं करून काढायला लागलं असतं. चार दिवसांत काढलं असतं मी."

"ते तर तू विकलंस," आत्या म्हणाली.

"तुम्हाला तसं सांगितलं. नाहीतर तुम्ही दोघंही जिवाला लावून घेतलं असतं. भिंतीबरोबर पडलं ते. मी चहा करत होतो."

बाबा पायरीवर खाली बसले. एवढा मोठा माणूस, चांगल्या पँटमध्ये, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेत.

"चारच दिवस?" ते म्हणाले.

"चारच. ऐकायला दोन मिनिटं लागली असती."

बाबांनी आपल्या शेजारची पायरी हातानं झाडली आणि काकांना बसायला खूण केली. काका बसले. मग आत्याही, गुडघा धरत, त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली.

"आणखी काही म्हणायचंय?" बाबांनी विचारलं.

"आहे की," काका म्हणाले. "बरंच आहे."

"बोल."

काका बोलायला लागले. छोटीच्या पर्समध्ये फोन वाजत होता. गटनेत्यांचाच असणार. आईनं तिच्याकडे बघितलं, घेतेस का म्हणून. छोटीनं पर्समध्ये हात घालून तो बंद केला आणि वरच्या पायरीवर बसली. सुनावणी चालू होती.